चक गळून पडतोय? नवा मागवण्याआधी हे वाचा

(पिलर ड्रिल, म्हणजे खांबावरचं उभं ड्रिल मशीन वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

“चक सुटून पडतोय, नवा पाठवा.” असा फोन आला की आम्ही आधी विचारतो, चक (ड्रिल पकडणारे जबडे) एकटाच पडला की आर्बरसकट (चक ज्या निमुळत्या दांड्यावर बसतो तो)? मग पलीकडे कुणाला तरी हाक मारल्याचा आवाज येतो आणि बहुतेक वेळा उत्तर मिळतं, “आर्बरसकट.” म्हणजे चकात काही खोट नाही. नवा विकला तर आमचा गल्ला भरेल, पण चार दिवसांत तोही पडेल आणि शिव्या आम्हालाच.

आर्बर स्पिंडलमध्ये, म्हणजे मशीनच्या फिरत्या पोकळ दांड्यात, कशावर टिकतो, ते बघा. ना आटे, ना पिन, ना बोल्ट. तुमच्या मशीनमध्ये बहुधा एमटी-2 टेपर, म्हणजे दोन नंबरचा मोर्स टेपर (निमुळती बैठक) आहे. 20 मिलिमीटर लांबीला व्यास साधारण 1 मिलिमीटरने कमी होतो, बस. इतका निमुळता उतार नुसत्या घर्षणावर धरून राहतो. अमेरिकेतल्या स्टीफन मोर्स यांचा हा टेपर 1860च्या दशकातला. आजही चालतो, कारण ड्रिल करताना दाब वरच्या दिशेनं येतो आणि आर्बर आणखी घट्ट बसतो. वरची चपटी शेपटी, म्हणजे टँग, मुख्यतः आर्बर काढायच्या सोयीसाठी असते. सगळा भार तिच्यावर आला की ती पिळवटते.

आता घर्षणावर चालणाऱ्या जागी तेल लावलं तर काय होणार? पण लावतात. कुणी काढायला सोपं जावं म्हणून, कुणी गंजू नये म्हणून. दसरा झाला की आमचा फोन जास्तच वाजतो. खंडेनवमीला पोरं मशीन लख्ख पुसतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात आणि उत्साहाच्या भरात स्पिंडलच्या आतही तेलाची चिंधी फिरवतात. पूजा आमच्याकडेही होते. फक्त तेल कॉलमला (खांबाला), रॅकला (दातेरी पट्टीला) आणि क्विलच्या (स्पिंडलला वरखाली नेणाऱ्या नळीच्या) बाहेरून लावा. टेपर कोरडा आणि बेल्टही कोरडा.

तेलकट टेपरवर पहिलाच 12 मिलिमीटरचा ड्रिल दाबला की आर्बर आत घसरून फिरतो आणि ओरखडे उठतात. ओरखड्याच्या कडेचा धातू उचलला जातो, आर्बर तेवढ्यावरच टेकतो, आणि मग कितीही पुसलं तरी धरत नाही. पाच मिनिटांचं पुसणं चुकवलं म्हणून मशीन दोन दिवस उभं.

बसवताना आधी प्लग काढा; नुसता स्विच बंद करून भागत नाही. आर्बर आणि स्पिंडलचं भोक, दोन्ही थिनर लावलेल्या स्वच्छ फडक्यानं पुसा आणि वाळू द्या. भोकात फडकं लाकडी काडीला गुंडाळून घाला. चकचे जबडे पूर्ण आत घ्या. टँग स्पिंडलमधल्या खाचेसमोर आणून आर्बर एका झटक्यात वर ढकला, मग टेबलवर लाकडाचा ठोकळा ठेवून हँडलनं दाबा. लोखंडी हातोडा लांबच ठेवा. शंका असेल तर आर्बरवर मार्करनं उभ्या तीन रेघा ओढा, आत घालून हलकंसं फिरवा आणि काढून बघा. रेघ पूर्ण लांबीत पुसली गेली तर बैठक ठीक आहे. टोकालाच पुसली गेली तर आम्हाला कळवा.

काढायला ड्रिफ्टच, म्हणजे स्पिंडलच्या खाचेत ठोकायची चपटी पाचर. गोल कड वर, सपाट कड टँगकडे, आणि खाली लाकूड. स्क्रूड्रायव्हरनं खाच चेपते. ड्रिफ्ट प्रत्येक मशीनसोबत आम्ही फुकट देतो, हरवला असेल तर दुसरा घेऊन जा. पावसाळ्यात मशीन महिनाभर बंद राहणार असेल तर आर्बर काढून त्याला तेल जरूर लावा, पण परत बसवण्याआधी पुसा.

टेपर स्वच्छ असूनही पडत असेल तर आम्ही हळूच विचारतो, चकात एंड मिल (मिलिंग मशीनवर आडवं कापायचं हत्यार) लावला होता का? “थोडीशीच स्लॉट मारली.” आडवा धक्का आणि थरथर यांनी आर्बर सैल होतोच. ड्रिल मशीन ते ड्रिल मशीन.

काही जण म्हणतात, “आर्बरला टॅक (वेल्डिंगचा टाका) मारून द्या, कटकट नको.” ते आम्ही करत नाही, ग्राहक तुटला तरी. वेल्डिंगच्या उष्णतेनं स्पिंडल वाकतो, आणि फिरता चक निसटून कुणाच्या हातावर आला तर काय? चालू मशीनमध्ये चक सैल वाटला तर हात न लावता स्विच बंद करा. हातमोजे नकोतच. जॉब (भोक पाडायचा तुकडा) व्हाइसमध्ये (शिकंज्यात) पकडा आणि व्हाइस टेबलला बोल्टनं बांधा. लांब पट्टी असेल तर तिचं टोक डाव्या बाजूनं कॉलमला टेकवा, म्हणजे ड्रिल अडकला तरी पट्टी कॉलमवर अडते, तुमच्या पोटावर येत नाही.

हलके ओरखडे एमटी-2 च्या हँड रीमरनं (भोक आतून तासायच्या हत्यारानं) आम्ही तुमच्या जागेवर येऊन साफ करतो. नुसतं पुसूनच काम झालं तरी व्हिजिटचे पैसे घेतो, त्यावरून कुरकुर ऐकतो. पण भोसरीहून धायरीला ट्रॅफिकमधून यायला अर्धा दिवस जातो. आर्बर घेऊन तुम्हीच आलात तर तपासणी मोफत. गुरुवारी बंद. आणि आर्बर कोऱ्या कागदात गुंडाळून आणा, तेलाच्या चिंधीत नको.