कोळसा खाण परिसरातील पाणी (नागपूर जिल्हा)

कोळसा खाणीच्या आसपासचे नदी, नाले, तलाव, बोड्या यांतील भूपृष्ठजल आणि विहिरी, बोअर व खडकांच्या थरांतील भूजल यांची स्थिती, तसेच खाणीतील पाण्याच्या उपशामुळे तीत होणारे बदल यांचा विचार या नोंदीत केला आहे. नागपूर जिल्ह्यात कामठी व उमरेड ही मुख्य कोळसाक्षेत्रे होत. सिल्लेवाडा, सावनेर, पाटणसावंगी, वलनी, भानेगाव, गोंडेगाव या खाणी पहिल्यात, तर उमरेड व मकरधोकडा दुसऱ्यात मोडतात. १९७३ मधील राष्ट्रीयीकरणानंतर, १९७५ पासून येथील खाणकाम वेस्टर्न कोलफील्ड्स या नागपूरस्थित सरकारी कंपनीकडे आहे.

भूस्तर : येथील पाण्याचा प्रश्न कामठी वालुकाश्मापासून सुरू होतो. तळाशी तालचेर थर, त्यावर दगडी कोळसा असलेला बराकर थर, त्याहून वर कामठी थर आणि माथ्यावर काही ठिकाणी लॅमेटा थर व दख्खनचा बेसाल्ट किंवा नदीकाठचा गाळ, असा क्रम सर्वसाधारणपणे आढळतो. कामठी हे नाव कामठी गावावरून पडले. स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी १८५० च्या दशकात नागपूर परिसरातील थरांचे व जीवाश्मांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि हिस्लॉप यांच्या संग्रहातील वनस्पती-जीवाश्मांवर इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये लिहिले. त्या काळी हे थर जुरासिक मानण्याकडे कल होता. या थरांत सापडणाऱ्या ग्लोसॉप्टेरिस या प्राचीन, नामशेष वनस्पतींचा कालखंड स्पष्ट होत गेला तसे ते मत मागे पडले. आता कामठी थरांचा खालचा भाग बहुधा पर्मियन काळाच्या उत्तरार्धातील (जुरासिकहून बराच जुना) मानतात; वरचा भाग त्यानंतरच्या ट्रायासिकमध्ये कितपत जातो याविषयी एकमत नाही. बराकर व कामठी यांच्या दरम्यान मोटूर थर वेगळा मानावा की नाही, हाही वाद आहे. तो वेगळा मानणे अधिक सोयीचे वाटते. त्यातील चिकणमातीचे पट्टे पाणी अडवतात, आणि ते कुठे सलग आहेत व कुठे तुटक, यावर वरचे पाणी खाणीत किती उतरेल हे बरेचसे ठरते.

कामठी वालुकाश्म भरड, सच्छिद्र व बऱ्याच ठिकाणी ठिसूळ असल्याने जिल्ह्यातील तो एक चांगला जलधर (पाणी साठवणारा व वाहू देणारा खडकाचा थर) आहे. कोळसा त्याच्या खाली असल्यामुळे खाण खोदायची म्हणजे या जलधरातूनच वाट काढायची. उघड्या खाणीच्या कापलेल्या भिंतीकडे उन्हाळ्यात पाहिले तरी वालुकाश्म व त्याखालचा शेल (चिकणमातीपासून बनलेला खडक) जिथे भेटतात तिथे ओलसर, गंजासारखी तांबूस रेघ दिसते. ते वर मुरलेले पाणी खाली वाट न मिळाल्याने आडवे झिरपत असते.

भूपृष्ठजल : कामठी क्षेत्राचे पाणी कन्हान, पेंच व कोलार या नद्यांकडे जाते, बिना गावाजवळ तिघींचा संगम आहे. नागपूर शहराला पेंच व कन्हान येथून पाणी मिळत असल्याने या खोऱ्यात जे मिसळते त्याची झळ शहरालाही बसते. पावसाची वार्षिक सरासरी सुमारे १,१०० मिमी. असून त्याचा मोठा भाग जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. त्या काळात मातीच्या ढिगाऱ्यांवर (कामगारांच्या भाषेत ओबी) घळी पडतात आणि गाळ नाल्यात उतरतो. तो अडवण्यासाठी खाणीभोवती चर व निवळण तलाव असतात. कोळसा खाणींच्या सांडपाण्यासाठी सामू (पाण्याची आम्लता दाखवणारा पीएच अंक) ५.५ ते ९ व तरंगते घन पदार्थ लिटरला १०० मिग्रॅ. ही मर्यादा आहे. निवळण तलावातील गाळ पावसाळ्याआधी काढला नसेल, तर पहिल्या जोरदार सरीतच तलाव निकामी होतो.

औष्णिक केंद्रांच्या राखेचे तलाव याच खोऱ्यात आहेत. जुलै २०२२ मध्ये खसाळा येथील राख तलावाचा बांध फुटून राखमिश्रित पाणी कोलार व कन्हान नद्यांत गेले. परिसरातील नदीचे पाणी तपासताना खाणीचा आणि राखेचा परिणाम वेगळा करणे म्हणूनच अवघड जाते.

भूजल : खाणीच्या सखल भागात साचलेले पाणी पंपाने सतत उपसल्यामुळे खाणीभोवती भूजल पातळीला शंकूच्या आकाराचा उतार येतो. हा परिणाम कुठवर पोहोचतो ते जलधराच्या पारगम्यतेवर (पाणी वाहू देण्याच्या क्षमतेवर), खोलीवर व पुनर्भरणावर अवलंबून असते. बेसाल्टमधील किंवा गाळातील उथळ विहिरीचा खालच्या वालुकाश्माशी संबंध नसेल, तर खाण अगदी जवळ असूनही ती तग धरते; भेगांतून संबंध असेल, तर दूरची विहीरही आटते. भूमिगत खाणीत आधारासाठी सोडलेले कोळशाचे खांब काढून छत कोसळू दिल्यास वरच्या थरांत भेगा वाढतात, वाळूची भरणी केल्यास त्या कमी राहतात. परंतु भरणीची वाळू कन्हानच्या पात्रातून आली, तर काठच्या विहिरींना पाणी पुरवणारा तो साठाच घटतो. या देवाणघेवाणीचा हिशेब खाणीच्या आराखड्यात क्वचितच एकत्र मांडला जातो. तो मांडला गेला पाहिजे.

सावनेर भागात संत्रा व रब्बी पिकांसाठीही मोठा उपसा होतो. विहीर खाणीमुळे आटली की सिंचनामुळे, हे सांगायला खाण सुरू होण्यापूर्वीच्या नोंदी लागतात. मोजणीची पद्धत साधी आहे : पोलादी फीत खडू लावून कठड्यावरील ठरलेल्या खुणेपासून विहिरीत सोडायची व खडू कुठवर भिजला ते वाचायचे. मे महिन्यातील व नोव्हेंबरमधील वाचनांतला फरक म्हणजे पावसाने दिलेले पुनर्भरण. हाच फरक वर्षानुवर्षे आकसत गेला, पाऊस मात्र तेवढाच राहिला, तर उपशाकडे बोट दाखवता येते. जुन्या नोंदी नसलेल्या गावाची तक्रार खरी असूनही सिद्ध होत नाही, हे अन्यायाचे आहे.

पाण्याची प्रत : पायराइटचा (कोळशातील लोह व गंधकयुक्त खनिजाचा) हवा व पाण्याशी संयोग होऊन आम्लयुक्त पाणी तयार होते. गंधक जास्त असलेल्या ईशान्य भारतातील कोळशात हा त्रास तीव्र आहे. नागपूर भागात कठीणपणा, सल्फेट व विरघळलेले क्षार यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते. पिण्याच्या पाण्यात सल्फेटची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिग्रॅ. व पर्यायी स्रोत नसल्यास ४०० मिग्रॅ. आहे.

वापर व सुरक्षा : उपसलेले पाणी सिंचनाला व औष्णिक केंद्रांना दिले जाते, पाटणसावंगी येथे ते शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीबंदही केले गेले. बंद पडलेल्या भूमिगत खाणीत साठलेले पाणी हा वेगळा धोका आहे. धनबादजवळील चासनाला खाणीत २७ डिसेंबर १९७५ रोजी असेच पाणी घुसून ३७५ कामगार मृत्युमुखी पडले. पाणी असलेल्या जुन्या कामापासून ६० मी. आणि नदीकाठापासून १५ मी. अंतराच्या आत परवानगीशिवाय खाणकाम करता येत नाही.

उमरेड क्षेत्र लहान असून तेथील खाणकाम मुख्यतः उघड्या पद्धतीचे आहे. उघडी खाण बंद होऊन पंप थांबले की भूजल वर येते आणि खड्ड्याचा तलाव होतो. अशा तलावाचे वरचे पाणी नितळ असले तरी तळाशी क्षार जास्त असू शकतात. म्हणून नमुना एकाच खोलीवरून न घेता निरनिराळ्या खोल्यांवरून घेतात.