राहू द्या, मी करते

लालबागच्या माझ्या आत्याला पॅरालिसिसचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. तीन महिन्यांत ती भिंतीला धरून चालायला लागली, पण उजवा हात मांडीवर पडून राहिला. चहा डाव्या हातानं, कंगवा डाव्या हातानं, आणि बाकी सगळ्याला सूनबाईंचं "राहू द्या आई, मी करते."

त्या मायेतच एक अडचण होती. झटक्यात मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटतो, तिथल्या पेशी मरतात आणि त्या परत येत नाहीत. त्यांचं काही काम आजूबाजूचे भाग उचलू शकतात, मात्र हात वापरात राहिला तर. सुरुवातीला माणूस प्रयत्न करतो, वस्तू पडते, चिडचिड होते, मग तो हात सोडूनच देतो. पुढे हातात थोडी ताकद आली तरी न वापरण्याची सवय तशीच राहते. एडवर्ड टॉब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला हे माकडांवरच्या प्रयोगांत दिसलं. चांगला हात बांधला की माकडं सोडून दिलेला हात वापरू लागत.

यावरूनच माणसांसाठी उपचार निघाला: चांगल्या हातावर जाड हातमोजा, आणि दुबळ्या हाताकडून रोज काही तास कसून सराव. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत झटक्याला ३ ते ९ महिने झालेले २२२ रुग्ण होते. दोन आठवड्यांच्या या उपचारानं झालेली सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती. अट एकच, पण मोठी: मनगट आणि बोटं थोडी तरी वर उचलता यायला हवीत. शिवाय हातमोजा घालून चालताना तोल जाऊ शकतो, म्हणून थेरपिस्टला विचारल्याशिवाय हे करू नये.

खरा प्रश्न सरावाच्या मात्रेचा आहे. २००९ च्या एका अभ्यासात थेरपीच्या सत्रांमधल्या हालचाली मोजल्या, तर हाताच्या कामाच्या हालचाली एका सत्रात सरासरी ३२ भरल्या. प्राण्यांच्या प्रयोगांत त्या शेकड्यांनी करून घेतात! भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत घरच्यांनाच व्यायाम शिकवून पाहिला. २०१७ मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक नाही. घरच्यांची तळमळ कमी पडली असं मला वाटत नाही. तेवढ्या शिकवण्यात पुरेसा सराव होत नसावा, असं मला वाटतं.

हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. तरी कित्येक घरांना ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून करून घेतलेला सराव, हे काय असतं हेच ठाऊक नसतं. आमच्याही नव्हतं.

थेरपिस्टनं आत्याला मटार सोलायला दिले. शेंग अंगठ्यानं दाबायची, फोडायची, दाणा चिमटीत धरून वाटीत टाकायचा. पाव किलोला तास जातो. नात पाटीवर रेघा ओढत मोजते. सांडलेल्या दाण्याचीही रेघ ओढायची, असं आत्यानं तिला बजावलंय. बोटं उघडली होती ना!