दिसतं ते थारोळं, पेटते ती वाफ

कारखान्यात टोल्युइनचा, म्हणजे रंग पातळ करायला वापरतात त्या ज्वलनशील द्रवाचा, पिंप कलंडला की हात आधी फडक्याकडे जातो. लगेच पुसून टाकावं ही इच्छा चांगलीच, पण इथे ती जिवावर बेतू शकते. कारण द्रव स्वतः पेटत नाही, पेटते ती त्यातून उठणारी वाफ. ज्या तापमानाला पेट घेण्याइतकी वाफ द्रवावर जमते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. टोल्युइनचा आहे सुमारे 4 अंश सेल्सिअस, अॅसिटोनचा तर उणे 20 च्या आसपास. म्हणजे नेहमीच्या हवेत ही द्रवं कायम पेटायला तयारच असतात.

टोल्युइनची वाफ हवेच्या तिपटीहून जड. ती जमिनीलगत सरकते, खड्ड्यात साचते, गटारात शिरते. अमेरिकेतल्या लुइव्हिल शहरात तेलबियांच्या कारखान्यातलं हेक्झेन, हाही एक ज्वलनशील द्रवच, असंच गटारात गेलं. 13 फेब्रुवारी 1981च्या पहाटे, वरून जाणाऱ्या एका मोटारीच्या ठिणगीनं ते भडकलं असं मानतात. तीन किलोमीटरहून जास्त लांबीचे रस्ते उखडले. जीव कुणाचा गेला नाही, हे नशीबच.

म्हणून आधी मागे सरायचं, वाऱ्याच्या उलट्या दिशेला आणि उंचावर. ओरडून सगळ्यांना बाहेर काढायचं, मग सुरक्षित अंतरावरून अग्निशमन दलाला कळवायचं. वास घालवायला पंखा लावण्याचा मोह होतो, तो मात्र कटाक्षानं टाळायचा. बटण चालू करताना ठिणगी पडते, तशी बंद करतानाही पडते. मोबाइल, वाहन, वेल्डिंग, कशालाच त्या वाफेजवळ जागा नाही. अंगावर साचलेल्या स्थिर विजेची ठिणगीसुद्धा पुरते.

पुढचं काम प्रशिक्षित माणसांचं. ते गॅस डिटेक्टरनं हवा तपासतात. टोल्युइनची वाफ हवेत सुमारे 1.1 टक्का झाली की ती पेटू शकते, आणि त्याच्या दहाव्या हिश्शालाच ते थांबतात. गटारांची तोंडं झाकतात, कोरड्या वाळूचा बांध घालतात. लाकडाचा भुसा नको, तो स्वतःच जळतो. पाण्याचा जोरदार फवाराही नको, टोल्युइन पाण्यावर तरंगत आणखी दूर जातं. वाफ दाबायला फोम वापरतात, पण अॅसिटोन किंवा अल्कोहोल साधा फोम विरघळवून टाकतं, त्यांच्यासाठी वेगळा फोम लागतो.

द्रव टिपून झाला तरी भिजलेली वाळू वाफ सोडतच राहते. ही वाळू घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, लेबल लावून, उघड्या ज्योतीपासून लांब ठेवतात.