पितळी पुंगळी आणि बेंचवरचा प्रेस : ही पद्धत आली कुठून

बेंचला बोल्टने घट्ट बसवलेला प्रेस, त्यात वरून फिरवून बसवलेली डाय, म्हणजे पुंगळीला मापात आणणारा साचा, खाली शेल होल्डरमध्ये अडकवलेली उडवलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी. दांडा खाली ओढला की रॅम वर जातो, पुंगळी डायमध्ये शिरते, जुना प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, बंदुकीची दारू पेटवणारी छोटी टोपी) टपकन खाली पडतो आणि फायरिंगमध्ये फुगलेलं पितळ परत मापात येतं. बघायला पाच सेकंदांचं काम. पण रिलोडिंग करणारे, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरून वापरणारे लोक पुंगळी तयार करताना ज्या ज्या गोष्टी करतात, म्हणजे वंगण लावणं, प्रायमरची खाच साफ करणं, तोंड तापवून मऊ करणं, अमोनियावालं पॉलिश न वापरणं, या प्रत्येकामागे इतिहासात कुठेतरी काहीतरी अडकलेलं, फुटलेलं नाहीतर तडकलेलं आहे. नुसत्या स्टेप्स पाठ करण्यापेक्षा त्या आल्या कुठून हे कळलं तर हात जास्त नीट चालतो असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात पुंगळी नव्हतीच इथून करायला लागते. बंदुकीच्या नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर गोळी ठासायची, किंवा दोन्ही कागदात गुंडाळलेलं काडतूस वापरायचं, त्यात परत वापरण्यासारखं काही उरतच नव्हतं. १८१२ मध्ये पॅरिसमध्ये जाँ सॅम्युएल पॉली या स्विस कारागिराने दारू, गोळी आणि पेटवणारा मसाला एकत्र असलेल्या काडतुसाचं पेटंट घेतलं, त्याचा बूड धातूचा होता. मग पिनफायर (बाजूने बाहेर आलेल्या पिनेवर घोडा आपटून पेटणारं काडतूस) आलं, आणि १८४० च्या दशकात फ्रान्समध्येच फ्लोबेरने रिमफायर आणलं. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनने त्यावर रिव्हॉल्व्हर काढली आणि अमेरिकन यादवी युद्धात (१८६१ ते ६५) स्पेन्सर आणि हेन्री रायफली तांब्याच्या रिमफायर काडतुसांवर चालल्या. काडतूस म्हणून ते उत्तम होतं, पण रिमफायरमध्ये पेटवणारा मसाला बुडाच्या कडेच्या आत, घडीत भरलेला असतो आणि फायरिंग पिन ती कडच चेपून टाकते. एकदा उडाली की संपली. आजही .२२ ची रिकामी पुंगळी सहसा कुणी परत भरत बसत नाही त्याचं कारण हेच. (पुढे याच .२२ च्या पुंगळ्यांना एक वेगळंच काम मिळालं, ते खाली येईलच.)

रिलोडिंग खऱ्या अर्थाने शक्य झालं ते सेंटरफायरमुळे, म्हणजे प्रायमर बुडाच्या मधोमध वेगळ्या खाचेत बसवायला लागले तेव्हा. इथे १८६६ हे साल महत्त्वाचं. त्या वर्षी अमेरिकेत हायरम बर्डनने आणि इंग्लंडमध्ये वूलिच इथल्या रॉयल लॅबोरेटरीचे प्रमुख एडवर्ड बॉक्सर यांनी आपापल्या प्रायमरची पेटंटं घेतली. फरक छोटा वाटतो पण आपल्या बेंचवरचं सगळं त्यावर अवलंबून आहे. मसाला ज्यावर दाबून पेटतो ती ऐरण बर्डनच्या पद्धतीत पुंगळीचाच भाग असते आणि तिच्या बाजूला ठिणगी जायला साधारण दोन बारीक भोकं असतात. बॉक्सरच्या पद्धतीत ऐरण प्रायमरच्या आत असते आणि पुंगळीला मधोमध एकच मोठं भोक असतं. एकच सरळ भोक असल्यामुळे वरून पिन घालून जुना प्रायमर ढकलून काढता येतो, आणि डायच्या मध्ये जी डिकॅपिंग पिन असते ती बरोबर याच भोकासाठी. बर्डनवाल्या पुंगळीत ही पिन घातली तर ती ऐरणीवर आपटते आणि वाकते किंवा मोडते, नवीन माणसाची पहिली पिन बऱ्याचदा अशीच जाते. पुढे झालं असं की इंग्रज माणसाची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकन माणसाची युरोपात, म्हणूनच घरी बसून काडतूस भरण्याचा छंद अमेरिकेत एवढा वाढला, नुसता बंदुका जास्त होत्या म्हणून नाही.

आता धातूकडे, कारण माझ्या मते ही गोष्ट बंदुकीपेक्षा धातूचीच जास्त आहे. अमेरिकन सैन्याची १८७३ ची स्प्रिंगफिल्ड रायफल .४५-७० काडतूस उडवायची आणि सुरुवातीच्या पुंगळ्या तांब्याच्या होत्या. तांबं मऊ. फायरिंगच्या दाबाने ते चेंबरला, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेला, चिकटतं आणि परत आकसत नाही. जून १८७६ मध्ये मूळ अमेरिकन टोळ्यांविरुद्धच्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत अमेरिकन सैन्यातल्या कस्टरच्या तुकडीकडे हीच काडतुसं होती, आणि नंतर पुंगळ्या चेंबरमध्ये अडकल्याच्या, चाकूने उकरून काढायला लागल्याच्या तक्रारी झाल्या. १९८० च्या दशकात तिथे उत्खनन झालं तेव्हा सापडलेल्या पुंगळ्यांत तशा खुणा असलेल्या थोड्याच निघाल्या, त्यामुळे कस्टर लढाई याच कारणाने हरला असं म्हणता येत नाही, पण धातू चुकीचा होता हे खरंच. पितळ, म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त, याचा स्वभाव वेगळा आहे. दाब आला की ते ताणून चेंबरच्या भिंतीला घट्ट बसतं, गॅस मागे येऊ देत नाही, आणि दाब गेला की किंचित परत आकसतं म्हणून पुंगळी सुटून बाहेर येते. ब्रिटिशांच्या स्नायडर आणि मार्टिनी-हेन्री रायफलींची पहिली काडतुसं पितळी पत्रा गुंडाळून केलेली असायची, ती सहज चेपायची, मग हळूहळू सगळे एकसंध ओढून काढलेल्या पितळी पुंगळीवर आले.

आणि पितळ परत आकसतं हा जो गुण आहे ना, त्यामुळेच प्रेस लागतो. ते आकसतं खरं, पण पूर्ण मूळ मापाला येत नाही, आणि डायमध्ये दाबलं तरी बाहेर आल्यावर पुन्हा किंचित फुगतं, म्हणून डाय हव्या त्या मापापेक्षा थोडी लहानच करावी लागते आणि त्यात पुंगळी घालायला जोर लागतो.

हा जोर सुरुवातीला फारसा लागत नव्हता. १८७० च्या दशकात अमेरिकेच्या मैदानी भागात बायसनची शिकार करणारे लोक शार्प्स रायफली वापरायचे, दुकान शेकडो मैल लांब, त्यामुळे शिसं वितळवून गोळ्या ओतायच्या आणि त्याच पुंगळ्या पुन्हा पुन्हा भरायच्या हे त्यांचं रोजचं काम. काळ्या दारूचा दाब कमी, पुंगळ्या बऱ्याचशा सरळ नळीसारख्या, आणि भरलेलं काडतूस त्याच रायफलीत जाणार, मग नुसतं तोंड गोळीला धरेल एवढं आवळलं तरी चालायचं. त्यासाठी पकडीसारखं हत्यार पुरायचं. विंचेस्टरने अशी हत्यारं विकली, आणि १८८४ पासून जॉन बार्लो यांच्या कनेक्टिकटमधल्या आयडियल कंपनीने तर ती घराघरात नेली, एकाच पकडीत प्रायमर काढणं, बसवणं, तोंड आवळणं, काहींत तर गोळी ओतायचा साचासुद्धा. खिशात मावणारा कारखानाच. ती कंपनी पुढे मार्लिनकडे आणि १९२५ मध्ये लायमनकडे गेली आणि पकडीची ती जात त्यानंतरही कित्येक वर्षं विकली जात होती.

मग १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी धूर न होणारी दारू बनवली, १८८६ च्या लेबेल रायफलीत ती आली आणि सगळं गणित बदललं. दाब किती वाढला याचा अंदाज हवा असेल तर काळ्या दारूच्या काळातल्या .४५-७० ची आजची कमाल मर्यादा २८,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे आणि नव्या दारूच्या .३०-०६ काडतुसाची ६०,०००. पुंगळ्या बाटलीसारख्या खांदा असलेल्या झाल्या, बोल्ट आणि लिव्हर अ‍ॅक्शन रायफलींत काडतूस मॅगझिनमधून सुरळीत आत जायला पाहिजे, म्हणजे आता तोंड आवळून भागेना, बुडापासून खांद्यापर्यंत पूर्ण पुंगळी मापात आणायला हवी. पकडीने एवढा जोर येत नाही. लोक पुंगळी डायमध्ये हातोडीने ठोकायचे किंवा बेंचवरच्या व्हाइसमध्ये दाबायचे आणि दुसऱ्या बाजूने दांडा घालून ठोकून बाहेर काढायचे. बेंचवर बसवलेल्या प्रेसची गरज इथून सुरू झाली.

पण त्याच्या आधी आणखी एक घोटाळा झाला. तेव्हाच्या प्रायमरमध्ये पाऱ्याचं संयुग असायचं. काळी दारू जळल्यावर एवढी काजळी उरायची की पारा तिच्यात मिसळून धुतला जायचा. नव्या दारूत काजळी नाही, दाब जास्त, मग मोकळा झालेला पारा थेट पितळात शिरून त्याला ठिसूळ करायचा, आणि पुंगळी दुसऱ्यांदा भरली की फुटायची. दिसायला पुंगळी एकदम चांगली! १९ वं शतक संपता संपता अमेरिकन सैन्याने पाऱ्याऐवजी क्लोरेटचा मसाला घेतला, पुंगळी वाचली पण क्षारांमुळे नळीला गंज चढायला लागला, पाण्याने धुणं सक्तीचं झालं. दोन्ही त्रास नसलेले प्रायमर १९२० च्या दशकात बाजारात आले.

याहून मोठी गोष्ट भारतात घडली. ब्रिटिश सैन्याची काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची, न उडवता, ठेवल्या ठेवल्या, आणि तडे बहुतेक तोंडाशी, जिथे पुंगळी गोळीला आवळून धरते तिथे. ऋतूप्रमाणे होतं म्हणून इंग्रजीत त्याला सीझन क्रॅकिंग हे नाव पडलं. कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी मांडलं : काडतुसं तबेल्यांत ठेवलेली, घोड्यांच्या मुतातून अमोनिया हवेत, पावसाळी दमटपणा, आणि थंड अवस्थेत ओढून काढल्यामुळे पितळात आधीच साठलेला ताण. ताण आणि अमोनिया एकत्र आले की पितळ कणाकणांच्या सीमेवरून उकलतं. उपाय म्हणजे ताण घालवणं, पितळ ठराविक तापमानाला तापवून. आज सैन्याच्या काडतुसाच्या खांद्यावर जी निळसर-तपकिरी झाक दिसते ती याच तापवण्याची. बेंचवर लोक तेच करतात, कारण प्रत्येक वेळी प्रेसमध्ये दाबल्याने आणि पुन्हा फुगल्याने तोंडाकडचं पितळ कडक होत जातं आणि शेवटी चिरतं. बुडाचं पितळ मात्र कधीही तापवायचं नाही, सगळा दाब तिथे येतो, ते मऊ पडलं तर माणसाच्या तोंडासमोर फुटेल. आणि पॉलिशमध्ये अमोनिया नको हा नियमही इथलाच.

प्रेसकडे परत. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पॅसिफिक कंपनीचे प्रेस आले, इंग्रजी सी अक्षरासारखी चौकट, वर आटे पाडलेलं भोक. हळूहळू डायचे आटे ७/८ इंच, दर इंचाला १४, असे ठरून गेले, आणि मला विचाराल तर सगळ्या इतिहासातला हा सगळ्यात उपयोगाचा निर्णय, कारण त्यामुळे एका कंपनीची डाय दुसऱ्याच्या प्रेसमध्ये बसते, अनेक दशकं जुन्या प्रेसमध्ये आजची डाय चालते. १९२६ मध्ये अमेरिकेत सामी ही बंदुका आणि काडतुसं बनवणाऱ्यांची संस्था झाली, तिने चेंबरची आणि काडतुसांची मापं ठरवली, नाहीतर डाय कुठल्या मापाची करायची हाच प्रश्न होता.

दुसऱ्या महायुद्धात सामान्य शूटरला गोळ्या मिळेनात. तेव्हा १९४३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल इथे फ्रेड हंटिंग्टन यांनी रिकाम्या .२२ रिमफायर पुंगळ्या चेपून त्यांचं गोळीवरचं आवरण बनवणाऱ्या डाय केल्या. वर म्हटलं ते वेगळं काम हेच, जी पुंगळी परत भरता येत नाही ती गोळीचं कवच झाली! पुढे गोळ्यांच्या मोठ्या कंपन्या काढणारे व्हर्नन स्पीअर आणि जॉयस हॉर्नाडी यांचीही सुरुवात अशाच .२२ पुंगळ्यांच्या कवचांपासून. हंटिंग्टनच्या डाय रॉक चक नावाच्या घुशीसारख्या प्राण्याच्या शिकारीसाठी होत्या, त्यावरून कंपनीचं नाव पडलं रॉक चक बुलेट स्वेज (स्वेज म्हणजे गोळी दाबून घडवणारी डाय), थोडक्यात आरसीबीएस. गोळी चेपायला प्रचंड दाब लागतो, त्यात सी चौकट उघडायची, किंचितच, पण तेवढ्याने पुंगळीचा खांदा कमी-जास्त बसतो. पुढे त्यांचे प्रेस बंद ओ चौकटीचे आणि दुहेरी लिव्हरवाले झाले, रॉक चकर हे नाव अजून चालतं. लिव्हरची रचना अशी की दांडा खाली येत जातो तसा जोर वाढत जातो, आणि पुंगळीला सगळ्यात जास्त जोर शेवटच्या अर्ध्या इंचातच लागतो.

युद्ध संपल्यावर सैन्याची उरलेली दारू आणि पितळ स्वस्तात बाजारात आलं. ब्रूस हॉजडन यांचा धंदा तर सरकारी उरलेली दारू विकूनच उभा राहिला. सैन्याच्या पुंगळीत मात्र प्रायमर हलू नये म्हणून भोवतीचं पितळ ठोकून आवळलेलं असतं, ते काढल्याशिवाय नवा प्रायमर बसत नाही, त्यामुळे खाच मोकळी करायची आणखी एक पायरी वाढली. ज्यांना प्रेस परवडत नव्हता त्यांच्यासाठी रिचर्ड ली यांनी १९५८ पासून हातोडीने ठोकायची साधी किट काढली, आधी शॉटगनसाठी, नंतर रायफल-पिस्तुलासाठी. दुसऱ्या टोकाला एका ओढीत बरीच कामं करणारे प्रोग्रेसिव्ह प्रेस, १९३० च्या दशकातला स्टार आणि १९८० च्या दशकात माइक डिलन यांचे. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांसाठी फार कठीण अशा कार्बाइडची कडी बसवलेली डाय आली आणि तिथे वंगणाची कटकट संपली. रायफलच्या बाटलीसारख्या पुंगळीला मात्र अजूनही वंगण लागतंच, विसरलं तर पुंगळी डायमध्ये जाम होते आणि दांडा जोरात मागे घेतला की बुडाची कड फाटून निघते. खांद्यावर जास्त लावलं तर जागा न मिळाल्याने पितळात खळगे पडतात.

आणि खांदा किती मागे ढकलायचा हा वाद तर अजून चालूच आहे. डाय फार खाली बसवली की खांदा गरजेपेक्षा मागे जातो, मग प्रत्येक फायरिंगला पुंगळी लांब ताणते, बुडाच्या जरा वर भिंत पातळ होत जाते, बाहेरून एक चकचकीत रेघ दिसते आणि एक दिवस तिथूनच दोन तुकडे होतात. आकडा टाकलेली तार आतून फिरवून ती खाच लागते का बघायची ही जुन्या लोकांची पद्धत अजूनही तेवढीच खात्रीची आहे. बेंचरेस्टवाले, ज्यांचं सगळं लक्ष पाच गोळ्या एकाच भोकात पाडण्यावर असतं, त्यांच्यातले बरेच जण शेवटी मोठ्या लिव्हरवाल्या प्रेसपासून लांब गेले, हातात मावणारी विल्सन कंपनीची डाय आणि छोटा आर्बर प्रेस (सरळ खाली दाबणारा) घेऊन मैदानावरच फक्त तोंड आवळायचे, दांड्यातून पितळ किती कडक झालंय ते हाताला जाणवतं म्हणून.