एनिमा आणि एनिमा

आठ महिन्यांच्या नातवाला “एनिमा देऊन बघू” असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या शेजारच्या आजी उखडल्याच. “एवढ्यासाठी इथवर आणलंत? घरी पानाचा देठ एरंडेलात बुडवून लावला असता की!”

आजींचं फारसं चुकलं नाही, शब्दच तो. बद्धकोष्ठाचा एनिमा खडा झालेली शी बाहेर काढतो. लंगोट बदलला की विषय संपला.

डॉक्टर म्हणत होते तो दुसरा एनिमा काढत नाही, ढकलतो, आणि तोही मागे. इथे लहान आतड्याचा शेवटचा भाग पुढच्या मोठ्या आतड्यात शिरून बसलेला असतो, झबल्याची बाही आतल्या आत दुमडावी तसा. याला इंटससेप्शन म्हणतात. बाळ पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, मग मलूल पडतं. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. उलटी हिरवी होते. लाल जेलीसारखी शी झाली की घरचे आव समजतात, पण ती खूण उशिराची. सोनोग्राफीत वर्तुळात वर्तुळ दिसतं, कांद्याच्या चकतीसारखं.

आधी शिरेतून सलाइन देऊन बाळाला सावरतात. मग गुदद्वारात कॅथेटर म्हणजे मऊ नळी घालून सलाइनची बाटली साधारण तीन फुटांवर टांगतात. त्या पाण्याच्या दाबाने शिरलेलं आतडं हळूहळू मागे सरकताना सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसतं. पाणी लहान आतड्यात खळकन शिरलं की समजायचं, सुटलं. काही ठिकाणी एक्स-रेखाली हवा वापरतात. दाब पाऱ्याच्या 120 मिलिमीटरवर जाऊ देत नाहीत. दहांतली आठ-नऊ बाळं अशी ऑपरेशनविना सुटतात. तरी सर्जन तयार लागतोच, कारण क्वचित आतडं फाटतं. पोट कडक झालेलं असेल, आतडं आधीच फाटलेलं असेल किंवा बाळ शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण कोसळलेल्या अवस्थेत असेल, तर हा प्रयोग करायचाच नाही, थेट ऑपरेशन.

पाण्याच्या दाबाची ही पद्धत कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हिर्शस्प्रुंग यांनी 1876 मध्ये मांडली. गंमत म्हणजे त्यांचं नाव चिकटलं ते जन्मजात बद्धकोष्ठाच्या एका आजाराला!

सुटलेलं आतडं दहांतल्या एखाद्या बाळात पुन्हा शिरतं, बरेचदा पहिल्या दोन दिवसांतच. म्हणून त्या रात्री बाळाला वॉर्डातच ठेवलं. आजीही थांबल्या, एरंडेलाची बाटली पिशवीत तशीच.