डाळीचं पाणी आणि बाळाचं वजन

‘बाळाचं वजन वाढत नाही? रोज डाळीचं पाणी पाजा, सगळी ताकद त्यातच असते.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. देणाऱ्याची माया खरी असते, आणि ते पाणी पचायला हलकं असतं हेही खरं. पण डाळीतली प्रथिनं आणि उष्मांक बहुतांशी दाण्यातच राहतात. घरीच पाहा: शिजलेली डाळ न घोटता ठेवा, वरचं निवळ पाणी वाटीभर काढून आटवा. तळाशी उरतो तो जेमतेम पातळ थर. बाळाचं पोट इवलंसं. ते या पाण्यानं भरलं की मऊ भात, वरण, तूप यांना जागाच उरत नाही. म्हणून डाळ घोटून, चमच्यावरून सहज ओघळणार नाही इतकी दाट भरवा.

आणखी एक. पहिल्या वर्षात जन्माच्या वजनाच्या साधारण तिप्पट होणारं बाळ दुसऱ्या वर्षी २ ते २.५ किलोच वाढतं. शेजारच्या बाळाशी तुलना नको. अंगणवाडीच्या कार्डावरची बाळाच्या वजनाची रेषा बघा. छापील रेषांच्या बरोबरीनं ती चढत असेल तर बारीक बाळही नीट वाढतंय. रेषा आडवी झाली किंवा खाली वळली, तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.