स्वतःचं लिनक्स वाटताय? सोर्स कोड कोणी, काय आणि कसा द्यायचा

डेबियन किंवा उबुंटू घ्यायचं, आपली पॅकेजं घालायची आणि आयएसओ (इन्स्टॉल करण्यासाठीची एकच मोठी डिस्क-फाइल) तयार करायची, हे आता कोणीही करतं. ती आयएसओ दुसऱ्याच्या हातात गेली, मग फुकट का असेना, की जीपीएलच्या, म्हणजे सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ, माणसाला वाचता येणारा मजकूर) द्यायला लावणाऱ्या परवान्याच्या, अटी तुम्हाला लागू. संस्थेच्या स्वतःच्याच संगणकांवर वापरलीत तर नाहीत. अर्ज, नोंदणी, शुल्क यांतलं काही नाही. अटी पाळणं हीच परवानगी.

सर्वांत जास्त घोळ इथे होतो: ‘आम्ही काही बदललंच नाही, सोर्स मूळ प्रकल्पाकडे आहेच की!’ हे चालत नाही. बायनरी (चालवायला तयार प्रोग्राम) तुम्ही देताय, तर सोर्सही तुम्हीच द्यायचा. 2006 मध्ये मेपिस या लिनक्स वितरणाला जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने हेच बजावलं होतं. छोट्या प्रकल्पांना हे जाचक वाटतं, आणि आहेही. पण मूळ सर्व्हरवर नवी आवृत्ती आली की जुनी बरेचदा काढली जाते. मग तुमच्या आयएसओशी जुळणारा सोर्स लोकांनी शोधायचा कुठे?

काय द्यायचं

नेमक्या त्याच आवृत्तीचा सोर्स, तुमचे पॅच (केलेले बदल), बिल्ड (सोर्सपासून बायनरी बनवणं) आणि इन्स्टॉलच्या स्क्रिप्ट. कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतः बिल्ड केला असेल तर त्याची कॉन्फिग फाइलही. शिवाय परवान्यांचा मजकूर आणि कॉपीराइट सूचना. एमआयटी, बीएसडी परवान्यांना सोर्स लागत नाही, सूचना मात्र लागतात.

कसा द्यायचा

डाउनलोड ठेवणार असाल तर आयएसओशेजारीच सोर्स ठेवा, विषय मिटला. पेनड्राइव्ह किंवा उपकरण देत असाल तर सोबत सोर्स द्या, नाहीतर लेखी हमी. कर्नलच्या जीपीएल आवृत्ती 2 नुसार ही हमी किमान 3 वर्षांची हवी, आणि ती फक्त ग्राहकापुरती नसते: मागेल त्याला सोर्स द्यायचा, प्रत करून पाठवण्याच्या खर्चापेक्षा जास्त न घेता. म्हणून हमीच्या भानगडीत न पडलेलं बरं.

सोर्स बिल्डच्या वेळीच जमवा, नंतर तो हुडकत बसणं हा वैताग आहे. बिल्डरूट या लिनक्स बनवण्याच्या साधनात ‘मेक लीगल-इन्फो’ ही आज्ञा हे काम बरंचसं करते. बिल्डरूटचा स्वतःचा सोर्स मात्र त्यात येत नाही, तो वेगळा ठेवावा लागतो. योक्टो या तशाच साधनात यासाठी आर्काइव्हर आहे.

अटी मोडल्या तर जीपीएल आवृत्ती 2 खाली वितरणाचा हक्क तिथल्या तिथे संपतो. आवृत्ती 3 थोडी सवलत देते: पहिल्यांदाच नोटीस आली असेल आणि 30 दिवसांत चूक सुधारलीत, तर हक्क परत मिळतो.